खोचलेला कापूस

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले आणि सकाळी आंघोळीचं पाणी जरा जास्तच कढत घ्यावंसं वाटलं, की आईचा फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, इकडचं तिकडचं नाही. "कापूस फुटला वं. कधी येतं?" एवढंच. मी अकोल्याला राहते, माहेर भातकुलीकडे, मध्ये अमरावती. सकाळची एसटी पकडायची, खिडकीशी बसायचं. मूर्तिजापूर मागे पडलं की काळ्या जमिनीवर दोन्ही अंगांनी पांढरं पांढरं दिसायला लागतं. बाकीच्यांना ते बघून बरं वाटत असेल. मी मात्र काच ओढून घेते आणि भातकुली येईपर्यंत बाहेर बघत नाही.

अकोल्याच्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. कॅमेरा कसा धरायचा, तुकडे कसे जोडायचे, आवाज कसा घ्यायचा. दर वर्षी पहिल्याच तासाला मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोनदा बघा. पोरं निमूटपणे वहीत उतरवतात. एखादी धीट पोरगी विचारते, "मॅडम, तुमच्यासोबत झालं होतं का?" मी म्हणते, "हो, एकदा." आणि फळ्याकडे वळते. पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आज सांगते. सांगणं भाग आहे.

सिनेमा शिकायला जाते म्हटल्यावर घरात जे काही झालं ते आठवलं की अजून हसू येतं. बाबा जेवत होते. घास हातातच राहिला. "हीरोईन व्हाचं हाये का तुले?" मी म्हटलं, नाही, सिनेमा बनवायचा आहे. "कोन पाह्यते तो?"  शेवटी आईनंच मध्ये पडून दोन वर्षं मिळवून दिली. बाबांनी अट घातली, परीक्षा झाल्यावर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घरी यायचं, मग ते स्थळं पाहणार. मी हो म्हटलं. दोन वर्षं मला तेव्हा जन्मभराएवढी वाटली होती.

अमरावतीतला आमचा विभाग म्हणजे विद्यापीठाच्या एका कोपऱ्यातल्या चार खोल्या. एकीत पंखा होता, एकीत पडदा होता, आणि जिथे पंखा होता तिथे पडदा नव्हता. विभागप्रमुख सर पुण्याचे. माणूस जीव लावणारा, पण आमच्या बोलण्यानं दचकायचे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "सुवर्णा, भांडतेस कशाला?" आई शप्पथ, मी लायब्ररी किती वाजता उघडते एवढंच विचारत होते.

सरांनी पहिला अभ्यास दिला होता शांततेचा. जिथे जाल तिथला एक मिनिट आवाज घेऊन या, त्या मिनिटात कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. सिनेमावाले प्रत्येक जागी असं करतात, म्हणजे नंतर तुकडे जोडताना आवाजात भोक पडत नाही. मी आमच्या वावरात गेले. आमच्याकडे वर्षानुवर्षं वेचणीला येणाऱ्या बायका होत्या, त्यांची म्होरकी निर्मलामावशी. सगळ्यांना उभं केलं, समजावलं, मशीन चालू केलं. बाराव्या सेकंदाला मावशी म्हणाली, "झालं का वं?" मग सगळ्या खो खो हसत सुटल्या. ते मी तसंच वर्गात ऐकवलं. सर डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, हीच तुझी फिल्म आहे, या बायका. मला तेव्हा काय कळलं असेल कपाळ, पण छाती फुगली होती खरी.

शेवटच्या वर्षाचा माहितीपट मी पहिल्या वेचणीवर करायचं ठरवलं. सरांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी किमान वीस वेळा सांगितला होता. माहितीपटात काही रचलंत तर तो गुन्हा नाही, पण पडद्यावर तसं लिहा. लपवलंत तर मात्र मला तोंड दाखवू नका.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. धुऱ्याजवळच्या, म्हणजे वावराच्या बांधालगतच्या, पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी पाच खडे मांडायचे, शेंदूर लावायचा, दहीभाताचा निवद दाखवायचा. मग तोच दहीभात मूठ मूठ घेऊन वावरावर शिंपडायचा आणि त्यानंतर पहिल्या बोंडाला हात लावायचा. त्या सकाळी गारवा होता. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरत होती, मी ओढणीनं पुसत होते. वर्गातला अक्षय कॅमेऱ्यावर होता, अकोल्याचा पोरगा, त्यानं सीतादही जन्मात पाहिलेलं नव्हतं. उन्हं तिरपी आली होती. आईनं मूठ उडवली, भाताची शितं उजेडात चमकून गेली, आणि मागे अख्खं वावर पांढरं. एकाही बोंडाला अजून कोणाचा हात लागलेला नाही. अक्षय हळूच म्हणाला, "भारी." मला रडूच आलं. मला वाटलं, झालं माझं शिक्षण.

आता कार्डाचं सांगते. आमच्यात पद्धत होती, भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवायचं, कोरं सरळ. कोणाला विचारायला नको, लिहायला नको, बघितलं की कळतं. घरात कापूस येऊन पडला की तंतूंचा बारीक भुरका उडतो, तो ताटात, पाण्यात, नाकात, सगळीकडे जातो. म्हणून मी ती कार्डांची उघडी डबी देवघराच्या फळीवर ठेवली, घरातली तेवढीच जागा आई नेमानं पुसायची. आणि अमरावतीला निघून गेले. कॉपी करून ठेवायला हवी होती. नाही केली. लॅपटॉप अक्षयच्या खोलीवर राहिला होता आणि मला सगळ्यांना एकदमच दाखवायची हौस होती, दुसरं काय.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा आलो, तोवर पहिली वेचणी उरकली होती. डबीत दोन्ही कार्डं सरळ. मला वाटलं, भरलेलं अक्षयनं निघताना काढून घेतलं आणि जागी कोरं ठेवलं असेल. अक्षयला वाटलं, माझ्याकडे असेल. कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट करू का असं कॅमेऱ्यानं विचारलं, मी हो दाबलं, आणि वर तासभर उरलेली गठोडी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका भरल्या. दुपारी भाकरी खाता खाता अक्षय म्हणाला, सीतादहीचं कार्ड दे ना, लॅपटॉपवर घेतो. मी म्हटलं, तुझ्याकडेच आहे ना? त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे कान बंद झाले. खरंच सांगते, आई समोर काहीतरी विचारत होती, तिचं तोंड हलताना दिसत होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

"काय झालं वं? काय हारपलं?"

अक्षयनं सांगितलं. पालथं म्हणजे भरलेलं, हेही सांगितलं. आई भाकरीच्या पिठाच्या हातानं तशीच खाली बसली. "म्या सरळ केलं," ती म्हणाली. "गुरुवारी फळी पुसली. देवापुढं वस्तू पालथी नसते ठेवत. म्या सरळ करून ठेवलं."

मी ओरडले तिच्यावर. कोणी सांगतलं होतं तुले हात लावाले, असं ओरडले, बाहेर ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं. ज्या बाईनं मला ही दोन वर्षं मिळवून दिली तिच्यावर. ती नुसती बोटांवरचं पीठ चोळत राहिली. आज वर्गात एखाद्या पोरावर आवाज चढला की मला तेच पीठ दिसतं आणि मी गप्प होते.

अमरावतीत एका दुकानदारानं कार्डावर दोन दिवस खटपट केली. "मॅडम, वरून दुसरं भरलं ना, आता नाही निघत." कापूस काही माझ्यासाठी पुन्हा फुटणार नव्हता. दुसऱ्या वेचणीला झाडं पिवळी पडलेली असतात, बोंडं तुरळक. आणि सीतादही तर वर्षातून एकदाच. मी घरी येऊन अंथरुणात पडून राहिले. स्थळांचा विचार करत होते, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलामावशी आली, मागे तिच्या वेचणीतल्या तिघी, कांताबाई, लताकाकू आणि शोभाबाई. आईनंच सांगितलं असणार. समोरच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस रचलेला होता. मावशीनं तो बघितला, दारातून वावराकडे बघितलं.

"कापूस हाये. पऱ्हाट्या उभ्या हायेत. मंग अडलं कुठं?"

मला कळेना.

"खोचू नं परत," ती म्हणाली.

मी उठून बसले. बाबा बाहेरून आले ते तसेच उभे. "येडं लागलं का तुमाले? वेचलेला कापूस झाडाले लावते का कोनी?"

"आमी लावतो," मावशी म्हणाली. "तुमी फक्त आडवे येऊ नोका."

बाप रे, ते चार दिवस! दुपारची कामं उरकली की चौघी यायच्या, आई पाचवी. कापूस वेचताना बोटं नुसती वरून ओढून घेतात, पण रिकाम्या बोंडात तो परत घालायचा म्हणजे बोट आत दाबावं लागतं, आणि वाळलेल्या बोंडाची टोकं सुईवाणी असतात. नखाखाली शिरतात. पहिल्या दिवशी मी दहा बोंडं भरली आणि बोट तोंडात घालून धुऱ्यावर बसले. त्या मात्र चालूच. कॅमेऱ्यात जेवढं दिसेल तेवढ्या दोन रांगा भरायच्या होत्या. अक्षय कॅमेऱ्यातून बघून ओरडायचा, "मावशी, डावीकडं अजून तीन झाडं!" आणि मावशी तिकडून, "तू हात लाव ना मंग भाऊ!"

आणि खरा धक्का पुढे होता. मी भरलेली बोंडं मावशीनं काढून टाकली. सगळी. "हे कोंबलेलं दिसते. फुटलेला दिसला पायजे." मग तिनं दाखवलं. चारी पाकळ्या एकसारख्या कधी फुटत नाहीत. एखादी अर्धी आत राहते. धुऱ्याकडचा कापूस वाऱ्यानं एका अंगाला लोंबतो. खालच्या बोंडावर दवाचा पिवळा डाग पडतो, म्हणून कांताबाईनं चहाच्या पाण्यात बोट बुडवून तसे डाग दिले. चहाच्या! लताकाकू चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघायची आणि सांगायची, त्या झाडाचा एक काढ, गर्दी झाली. शोभाबाई गंजात, म्हणजे पातेल्यात, कापूस घेऊन दर झाडाखाली एक-दोन पाकळ्या सांडून ठेवायची, कारण पहिल्या दिवशीसुद्धा थोडा गळालेला असतोच. मी आणि अक्षय तोंड वासून बघत होतो. आमच्या वहीत दोन वर्षांच्या तासांची पानंच्या पानं होती, आणि यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

सीतादही दुसऱ्यांदा करायला आई घाबरली. "देवाले दोनदा?" मावशी म्हणाली, "दोनदा जेवाले भेटलं तं देव का नाई म्हनते का?" सगळ्या हसल्या, आईही हसली. तिनं खडे मांडले, शेंदूर लावला. पण या वेळी ती हात जोडून जरा जास्त वेळ उभी राहिली. कॅमेऱ्यात ते आलं. मूठ उडाली, शितं चमकली, मागे दोन रांगा पांढऱ्याशुभ्र. पहिल्यापेक्षा चांगलं झालं. मला हे कबूल करायला फार दिवस लागले, पण झालं होतं.

परीक्षेचे दिवस उन्हाळ्याचे. विभागाच्या पडद्याच्या खोलीत आम्ही घामानं निथळत बसलो होतो. पहिल्या येणाऱ्याची अकोल्याच्या कॉलेजात शिकवायला शिफारस होणार, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बाबांची अट मला माहीत होती. दुसऱ्या ओळीत आई, मावशी आणि तिघीजणी. लग्नात नेसायच्या साड्या नेसून शेअर जीपनं आलेल्या. फिल्म संपली. शेवटच्या पाटीवर सरांचं नाव, अक्षयचं नाव, बाबांचं सुद्धा नाव, आणि बायकांसाठी एक ओळ, 'वेचणीच्या सर्व महिला'. खोचल्याचं कुठेच नाही. मी ठरवलं होतं की ते तोंडी सांगीन. देवाशप्पथ ठरवलं होतं.

सर उठले. त्यांचा आवाज भरून आला होता. "पांढऱ्या रांगांसमोरची ती बाई बघितलीत? हे रचता येत नाही. हे थांबून राहिलं तरच मिळतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुवर्णा, किती दिवस थांबलीस यासाठी?"

सगळ्या माना वळल्या. दुसऱ्या ओळीत मावशीनं पदर सावरला आणि ताठ बसली. आता नाव येणार म्हणून.

"आठ दिवस, सर," मी म्हटलं.

टाळ्या वाजल्या. माझ्या तोंडून हे आलं, याच तोंडून, यावर माझाच विश्वास बसेना. 

परतीच्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. आई खिडकीबाहेर बघत होती. पार गाव जवळ आल्यावर मावशी म्हणाली, "सुवर्णे, आमच्या कामाची लाज वाटली का तुले?"

"नाई वं मावशी."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"परीक्षा होती माही."

"आमची नव्हती का?"

मी रडले त्या रात्री वगैरे सांगून काय उपयोग? रडण्यानं कोणाचं नाव पडद्यावर येत नाही. मी पहिली आले, नोकरी लागली, स्थळं थांबली, बाबांनी गावात पेढे वाटले. महिनाभरानं मी फिल्मची दुसरी प्रत केली. शेवटी पाटी टाकली, की या दोन रांगांतला कापूस झाडांवर पुन्हा खोचलेला आहे, आणि तो निर्मलाबाई, कांताबाई, लताबाई, शोभाबाई आणि माझी आई सुमनबाई यांनी खोचला आहे. ओसरीवर लॅपटॉप ठेवून दाखवली. मावशीला वाचता येत नाही. "थांबव तिथंच. माहं कोनतं?" मी बोट ठेवलं. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आता हे त्या सायबाले दाखव."

मी हो म्हटलं.

त्यानंतर दर कापसाला ती विचारायची. "दाखवलं का?" हो. "काय म्हने?" चांगलं म्हने. एकदा तर मी सांगून बसले की सरांनी तुमची आठवण काढली. इतकं सहज येतं का खोटं? येतं. आणि तिकडे सर दर वर्षी नव्या पोरांना माझी फिल्म दाखवतात, ती पहिली, आठ दिवसांच्या थांबण्याची, आणि मला निरोप धाडतात, आज पुन्हा दाखवली, वर्ग स्तब्ध होता. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. सहा वर्षं झाली.

या वर्षीही आईचा फोन आला, मी एसटीत बसले. सीतादही झालं. बायका रांगेला लागल्या. मी मावशीच्या शेजारच्या रांगेत होते. नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते, उत्तर तयार होतं. तिनं तो विचारलाच नाही. बोंडांवरून हात फिरतच होते तिचे.

"माही नात आता तिथंच शिकून राह्यली. तुह्या सायबापाशी."

मला माहीतच नव्हतं. माझा हात तसाच बोंडावर राहिला.

"तिनं पाह्यला तुहा सिनेमा. मले फोन केला. म्हने आजी, तू हाये त्याच्यात, पन नाव नाई." मावशीनं मूठभर कापूस कमरेच्या ओटीत टाकला. "मंग मले दरसाल काय सांगत होती तू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी चिडले तरी असते. 

"खोटं सांगत होती, मावशी."

"काहून?"

"भेव वाटते. नोकरी त्याच्यावरच लागली."

"जाईन का नोकरी?"

"जाऊ शकते."

ती दोन झाडं पुढे गेली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे मंग, राहू दे पोरी, झालं ते झालं. मी अगदी वाट बघत होते त्याची. अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे तिनं मला. ती थांबली, ओटी सावरली, वळली.

"फोन हाये ना जवळ? धाड. माह्यासमोर धाड."

दुसरी प्रत माझ्या फोनमध्ये सहा वर्षं पडून होती, फोन बदलले तरी नेत होते. दोनदा चुकीचं दाबलं गेलं. वर लिहिलं, सर, तो कापूस खोचलेला आहे, मी आठ दिवस थांबले नव्हते, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, शेवटची पाटी बघा. वावरात रेंज कमी, गोल गोल फिरत राहिलं. बाकीच्या बायका रांग संपवून धुऱ्यावर जाऊन पाणी प्यायल्या. मावशी हलली नाही. उन्हात, कमरेला जड ओटी, माझ्या फोनकडे बघत उभी.

"गेलं?"

"गेलं."

"बरं," ती म्हणाली आणि पऱ्हाटीकडे वळली. "नात सांगनच मले."